हेमिसच्या मठातली पोथी

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी आयुष्यातले पहिले आणि शेवटचे जाहीर व्याख्यान दिले. ते इतके रंगले, की त्याची मला अजून लाज वाटते. पडले असते तर केव्हाच विसरून गेलो असतो.

पुण्यातल्या एका पेठेतला गणेशोत्सव होता. मांडवात रोज रात्री कुणी ना कुणी बोलायचे. त्या दिवशीचे वक्ते ऐन वेळी तापाने अंथरुणाला खिळले आणि मंडळाच्या चिटणिसांची नजर माझ्यावर पडली. मी तेव्हा तिशीच्या आतबाहेर, बँकेत कारकून, आणि वाचनाचे वेड असल्याची आळीत उगाचच ख्याती. रद्दीवाल्याकडे दोन रुपयांना मिळालेले एक इंग्रजी पुस्तक नुकतेच एका बैठकीत संपवले होते. डोक्यात तेच घोळत होते. मी विषय देऊन टाकला, 'येशू ख्रिस्त हिंदुस्थानात आला होता!' चिटणिसांनी तो उद्गारचिन्हासकट फळ्यावर रंगवला.

शुभवर्तमानांत येशूच्या बालपणाविषयी फार थोडे आहे. बारा वर्षांचा असताना तो यरुशलेमच्या मंदिरात शास्त्र्यांशी बोलत बसला होता, एवढे लूक सांगतो. आणि मग एकदम तो आपल्याला दिसतो तो तिशीच्या घरात, उपदेशाला आरंभ करताना. मधली सतरा-अठरा वर्षे कोरी. त्या कोऱ्या पानावर माझ्या पुस्तकाने भराभर लिहून टाकले होते. वयाच्या १३ व्या वर्षी घरात लग्नाच्या गोष्टी निघू लागल्या तसा हा मुलगा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर निघाला, सिंधू ओलांडून आला, जगन्नाथपुरी, राजगृह, काशी येथे राहून वेद शिकला, वैश्य-शूद्रांना जवळ केले म्हणून ब्राह्मणांचा रोष ओढवून घेतला, तेथून नेपाळकडे जाऊन पाली ग्रंथांचा अभ्यास केला आणि २९ व्या वर्षी मायदेशी परतला. पुरावा? लडाखमधल्या हेमिस येथील बौद्ध मठात 'ईसा' नावाच्या संताचे चरित्र सांगणारी प्राचीन पोथी! पाश्चात्त्यांनी जी दडपून ठेवली ती!

टाळ्यांनी मांडव दणाणला. एका आजोबांनी मला तिथल्या तिथे पेढा भरवला. म्हणाले, "म्हणजे तेही आपलेच म्हणायचे!"

गर्दी पांगल्यावर एक उंच, सडपातळ गृहस्थ पुढे आले. हातात छत्री, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. आमच्याच आळीच्या टोकाला राहणारे, नगरकडून येऊन पुण्यात स्थायिक झालेले निवृत्तीला टेकलेले शिक्षक. ख्रिस्ती होते, सारी आळी त्यांना मास्तर म्हणे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले, तेव्हापासून त्या भागात जी ख्रिस्ती घरे झाली, त्यांपैकी एक त्यांचे. घरी 'ज्ञानोदय'चे जुने अंक बांधून ठेवलेले असत.

"बोललात छान," ते म्हणाले. "एक विचारू? ती पोथी तुम्ही पाहिलीत?"

"मी? मी कशी पाहणार?"

"बरोबर. मग ज्यांचे पुस्तक तुम्ही वाचलेत त्यांनी?"

त्यांनीही पाहिलेली नव्हती. त्यांनी दुसऱ्या एका पुस्तकावरून लिहिले होते. माझा चेहरा पडला आणि चेहरा पडला की माणूस जे करतो तेच मी केले. म्हणालो, "मास्तर, तुमच्या धर्माच्या आड येते म्हणून तुम्हाला पटत नाही."

ते रागावले नाहीत. क्षणभर विचार करून म्हणाले, "तसेही असेल. म्हणून तर मला अधिकच जपून बघायला हवे. रविवारी दुपारी चहाला येता?"

त्या चहाचा शेवट असा झाला, की पुढच्या एका शनिवारी रजा टाकून मी मास्तरांबरोबर सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबईला निघालो. तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात 'नाइन्टीन्थ सेंच्युरी' या विलायती मासिकाचे बांधीव खंड होते. छायाप्रती काढण्याची सोय नव्हती. मी वाचत होतो, मास्तर शंभर पानी वहीत उतरवून घेत होते. हात दुखला की अदलाबदल. त्या वहीत जे आले ते सांगतो.

पाय मोडला की दात दुखला?

पोथीची बातमी जगाला देणारे गृहस्थ निकोलस नोटोविच. जन्म १८५८, क्रिमियातला, पेशा वार्ताहराचा. १८८७ साली हे हिंदुस्थानात आले, काश्मीरमार्गे लडाखात गेले. त्यांचे म्हणणे असे, की हेमिसजवळ घोड्यावरून पडून त्यांचा पाय मोडला, मठात त्यांना आश्रय मिळाला, आणि खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी विनवणी केल्यावर प्रमुख लामांनी पिवळ्या पडलेल्या पानांचे दोन जाड ग्रंथ आणून वाचून दाखवले. दुभाष्याने अर्थ सांगितला, यांनी टिपून घेतला. ते टिपण नीट क्रमाने लावून १८९४ साली पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत पुस्तक निघाले, 'येशू ख्रिस्ताचे अज्ञात चरित्र'. त्याच वर्षात आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या, इंग्रजी भाषांतरेही झाली.

सात वर्षे हे मौन का? त्याचाही खुलासा प्रस्तावनेत होता. कीव्हच्या धर्माध्यक्षांनी छापू नका म्हणून सांगितले. रोममध्ये एका कार्डिनलनी (नाव नाही) पैसे देऊ केले. पॅरिसमध्ये येशूचे प्रसिद्ध चरित्रकार रेनाँ यांना फार उत्सुकता होती, पण श्रेय तेच घेऊन जातील या धास्तीने नोटोविच त्यांच्या मृत्यूपर्यंत थांबले. रेनाँ १८९२ साली वारले होते. खरे-खोटे करायला ते थोडेच येणार! माझ्या व्याख्यानातले 'दडपून ठेवले' हे वाक्य मुळात इथून आले होते. आपण स्वतःच्या बुद्धीने बोललो असे ज्या वाक्याबद्दल मला वाटत होते तेच नेमके.

आता या पुस्तकाला पहिला धक्का कुणी दिला म्हणाल? पोपने नव्हे. मॅक्समुल्लरने! सायणभाष्यासह ऋग्वेद छापणारा, आपल्या शास्त्रीमंडळींनी ज्याला 'मोक्षमुल्लर' करून टाकला तो. चारच वर्षांनी, १८९८ साली, लोकमान्य तुरुंगात असताना त्यांच्या सुटकेसाठी विलायतेत जो अर्ज झाला त्यावर याची सही होती. अशा माणसाला हिंदुस्थानचा द्वेष्टा म्हणून बाजूला सारता येत नाही. ऑक्टोबर १८९४ च्या अंकात त्याने साधा प्रश्न केला. तिबेटी बौद्ध वाङ्मयाच्या कंजूर आणि तंजूर या दोन प्रचंड संग्रहांच्या सूची उपलब्ध आहेत. एवढी नावाजलेली पोथी त्यांत असायला हवी. ती नाही. शिवाय कथेतला एक योगायोग त्याला पचेना. येशूला क्रूसावर दिल्यावर पॅलेस्टाईनहून जे व्यापारी हिंदुस्थानात आले, त्यांना एवढ्या अफाट देशात नेमके तेच लोक कसे भेटले, ज्यांनी ईसाला तरुणपणी इथे पाहिले होते?

त्याच लेखात मॅक्समुल्लरने लेहहून २९ जूनला एका इंग्रज बाईंनी लिहिलेले पत्र दिले होते. बाई हेमिसला जाऊन आल्या होत्या. असे कुठले चरित्र मठात नाही, आणि मोडक्या पायाचा कुणी परदेशी तिथे राहिलेलाही नाही, असे त्यांनी कळवले होते. तरीही मॅक्समुल्लरने एक फट ठेवली. नोटोविच मुद्दाम खोटे बोलत नसतील. कदाचित लामांनीच या आगंतुक पाहुण्याची गंमत केली असेल.

इथवर सारी घरबसल्या चर्चा. खरी मजा पुढेच आहे. आग्र्याच्या सरकारी महाविद्यालयात जे. आर्चिबाल्ड डग्लस नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांना वाटले, मॅक्समुल्लर काही झाले तरी ऑक्सफर्डमध्ये बसून बोलतो आहे. मठ आपल्याला जवळ. १८९५ च्या सुट्टीत ते स्वतः हेमिसला गेले. ते स्पष्ट लिहितात, की नोटोविचचे म्हणणे खरे निघेल अशाच अपेक्षेने आपण निघालो होतो. त्याचे अभिनंदन करण्याची तयारी होती.

लेहचे माजी पोस्टमास्तर दुभाषी म्हणून बरोबर होते. डग्लसनी नोटोविचचे पुस्तक सावकाश, भाषांतर करवून, प्रमुख लामांना ऐकवले आणि एकेक प्रश्न विचारला. लामांनी सांगितले, मी ४२ वर्षे लामा आहे, १५ वर्षे या मठाचा प्रमुख आहे. ईसाचे नाव मी कुठल्याही बौद्ध ग्रंथात वाचलेले नाही. मोडक्या पायाच्या साहेबाला मी कधी आसरा दिला नाही. नोटोविचने लामांना घड्याळ आणि उष्णतामापक भेट दिल्याचे लिहिले होते. लामांना उष्णतामापक म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. पुस्तक ऐकता ऐकता त्यांचा संयम सुटला आणि खोटे, सगळे खोटे, असे ते उद्गारले. जून १८९५ मध्ये त्यांनी आपला जबाब सही-शिक्क्यानिशी दिला.

एक गोष्ट मात्र डग्लसनी प्रामाणिकपणे नोंदवली. लडाखात रशियन आलाच नव्हता, हे म्हणणे चूक होते. नोटोविच लेहला खरोखर आले होते. तिथल्या रुग्णालयात मोरेव्हियन मिशनचे डॉक्टर कार्ल मार्क्स (दचकू नका, ते दाढीवाले हे नव्हेत) यांनी त्यांच्यावर उपचारही केले होते. कशावर? तर दातदुखीवर.

हे वाचून मी ग्रंथालयात मोठ्याने हसलो. लोकांनी वळून पाहिले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "पुढे वाचा. मला पुढचे महत्त्वाचे वाटते."

पुढे, एप्रिल १८९६ च्या अंकात, डग्लसच्या लेखाला जोडून मॅक्समुल्लरची छोटीशी पुस्ती होती. लामांनी कुणाची फसवणूक केली असावी अशी शंका आपण छापून व्यक्त केली, ती निराधार ठरली. त्याबद्दल हेमिसच्या लामांची क्षमा मागणे आपले कर्तव्य आहे, अशा आशयाची. जगन्मान्य पंडित, वयाने सत्तरीच्या पुढे, आणि हिमालयातल्या एका मठातल्या साधूंची जाहीर माफी मागतो आहे. मास्तरांनी ती पुस्ती वहीत लाल शाईने उतरवून घेतली.

सुताराचा मुलगा

परतीच्या गाडीत मी त्यांना छेडले. "तुमची श्रद्धा सुटली संकटातून!"

"माझी श्रद्धा संकटात नव्हती," ते म्हणाले. "तो हिंदुस्थानात येऊन गेला असता तर मला आनंदच झाला असता. पण नाझरेथच्या लोकांचे काय करायचे?"

मला कळेना. तेव्हा खंडाळ्याचा घाट चढेपर्यंत त्यांनी समजावले. येशू आपल्या गावच्या सभास्थानात पहिल्यांदा शिकवू लागला, तेव्हा गावकरी चकित झाले. का चकित झाले? हा परदेशातून काय काय शिकून आला म्हणून नव्हे. हा तर आपल्यातला सुतार, याची आई, भाऊ, बहिणी आपल्या ओळखीच्या, याला हे ज्ञान कुठून आले, म्हणून. सतरा वर्षे बाहेर राहून आलेल्या माणसाला गाव असे बोलत नाही. कोकणातला चाकरमानी सतरा वर्षांनी मुंबईहून गावी गेला तर पहिला प्रश्न काय येतो? इतकी वर्षे होतास कुठे! तो प्रश्न नाझरेथमध्ये कुणीच विचारत नाही. "कोरी पाने कोरी आहेत, कारण त्यांत लिहिण्यासारखे काही घडले नाही. तो रंधा मारीत होता. आपल्याला ते पुरत नाही, हा आपला दोष."

मला तो युक्तिवाद कुठल्याही शोधनिबंधापेक्षा भक्कम वाटला; आजही वाटतो.

एक बाजू न सांगता पुढे गेलो तर मास्तरांना आवडणार नाही. रामकृष्ण परमहंसांचे शिष्य स्वामी अभेदानंद १९२२ साली हेमिसला गेले होते, आणि तिथल्या लामांनी आपल्याला पोथी दाखवली असे त्यांच्या बंगाली प्रवासवर्णनात आहे. इतरही काही प्रवाशांनी तसे लिहिले. साधुपुरुषाच्या शब्दावर अविश्वास कसा दाखवावा, हा प्रश्न मी मास्तरांना विचारला होता. त्यांचे उत्तर एवढेच, की शब्द त्यांचा, पण पोथी मठाची. ती पोथी अभ्यासकांपुढे एकदा ठेवावी, मी पहिल्या रांगेत बसेन. ती आजवर कुणीही ठेवलेली नाही. १९३१ साली शिकागोचे बायबल-पंडित एडगर गुडस्पीड यांनी असल्या नव्या 'शुभवर्तमानांचा' समाचार घेणारे पुस्तक काढले. त्यात पहिला मान नोटोविचला दिला. तरी कथा मरत नाही. कारण उघड आहे. ती आपल्याला आवडते. मांडवातल्या आजोबांनी पेढा मला भरवला नव्हता, स्वतःच्या अभिमानाला भरवला होता.

शाई वाळू द्या

२०१२ साली मास्तर ८५ वर्षांचे होते. दृष्टी मंदावली होती; मी संध्याकाळी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. सप्टेंबरात बातमी आली, की रोम येथील एका परिषदेत हार्वर्डच्या प्राध्यापिका कॅरेन किंग यांनी पपायरसचा एक चिमुकला तुकडा जाहीर केला आहे. आकार आपल्या भेटपत्राएवढा. भाषा कॉप्टिक. ओळी दोन्ही कडांना तुटलेल्या. त्यातल्या एका ओळीत येशू आपल्या पत्नीचा उल्लेख करतो!

जगभर गहजब झाला. दहा दिवसांतच व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने तुकडा बनावट असल्याचे लिहून टाकले. दुसरीकडे काहींना चर्चची दोन हजार वर्षांची लबाडी उघड झाल्याचा साक्षात्कार झाला. मला वाटले, मास्तरांना हे लागेल. ते म्हणाले, "दोघांनाही घाई झाली आहे. शाई वाळू द्या."

शाई वाळायला चार वर्षे लागली. इंग्लंडातल्या डरहॅमच्या फ्रान्सिस वॉटसन यांनी दाखवले, की तुकड्यातले शब्द 'थॉमसचे शुभवर्तमान' या कॉप्टिक ग्रंथातून इकडचे तिकडचे उचलून जोडलेले दिसतात. दुसऱ्या एका अभ्यासकाने त्याहून गमतीची गोष्ट पकडली. त्या ग्रंथाची जी आवृत्ती संगणकाच्या जाळ्यावर कुणालाही फुकट मिळत होती, तिच्यात २००२ साली एक टंकनदोष राहून गेला होता. तोच दोष या 'प्राचीन' तुकड्यातही उतरला होता. परीक्षेत शेजाऱ्याची चूकसुद्धा उतरवून काढणारी मुले मास्तरांनी आयुष्यभर पकडली होती. हे वाचून दाखवले तेव्हा मात्र ते खदखदून हसले.

२०१४ साली प्रयोगशाळांनी पपायरस बाराएकशे वर्षांहून जुना असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा तुकड्याचे पाठीराखे पुन्हा सरसावले. पण कोरा जुना कागद मिळवून त्यावर आज लिहिता येतेच. त्याच मालकाकडून आलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा एक तुकडा होता. तोही त्याच हस्ताक्षरातला, आणि १९२४ साली छापलेल्या एका आवृत्तीतून एक ओळ सोडून एक अशा बेताने उतरवलेला. ओळी तुटतात त्या जागासुद्धा त्याच! शेवटी २०१६ साली एरियल सबार या पत्रकाराने 'अटलांटिक' मासिकात मालकाचा माग काढला, तेव्हा पुरावा बनावटपणाकडे झुकतो, हे किंगबाईंनी स्वतःच मान्य केले. हे कबूल करणे त्यांना सोपे गेले नसणार. त्या वर्षाअखेर मास्तर वारले. ही बातमी त्यांना वाचून दाखवता आली, हे माझे समाधान.

पौलावरच्या प्रेमापोटी

एवढ्यावर कुणी म्हणेल, की आपल्या धर्माला अडचणीचे ते तपासायचे, सोयीचे ते गिळायचे, ही सगळ्यांचीच रीत. मास्तरांची ती नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

२०१४ सालच्या शेवटी त्यांच्या मंडळीतले एक उत्साही गृहस्थ मोबाईल घेऊन आले. तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या सैन्याचे रथ आणि सांगाडे सापडले, मिसर देशाच्या पुराणवस्तू खात्याने जाहीर केले, अशी बातमी. मोशेने समुद्र दुभंगल्याचा पुरावाच! रविवारी उपासनेनंतर ती वाचून दाखवायची होती आणि मास्तरांचा शब्द मंडळीत चाले. त्यांनी नातवाला बसवून बातमी मूळ कुठे आली ते शोधायला लावले. ती थट्टेच्या, रचलेल्या बातम्या छापणाऱ्या एका संकेतस्थळावरची निघाली; आमच्या बातम्या कल्पित असतात असे त्या स्थळानेच लिहून ठेवले होते.

गृहस्थ हिरमुसले. म्हणाले, "पण मास्तर, यामुळे चार तरुण पोरांचा विश्वास बळकट होत असेल तर बिघडले कुठे?"

तेव्हा मास्तरांनी त्यांना एक गोष्ट सांगितली. इसवी सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज येथे टर्टुलियन नावाचा ख्रिस्ती ग्रंथकार होऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे, की आजच्या तुर्कस्तानच्या भागातल्या एका धर्मगुरूने प्रेषित पौलाच्या नावावर थेक्ला नावाच्या तरुणीची कथा रचून प्रचारात आणली. पकडला गेल्यावर त्याने कबूल केले, आणि सांगितले, की हे मी पौलावरच्या प्रेमापोटी केले. त्याला पदावरून दूर व्हावे लागले. "प्रेमापोटी केले हे कुणी नाकारले नाही," मास्तर म्हणाले, "तरी त्याला जावे लागले." (टर्टुलियनचा हेतूही अगदी धुतल्या तांदळासारखा नव्हता, हे जाता जाता सांगायला हवे. थेक्लेचा दाखला देऊन बायका आम्हीही शिकवू, बाप्तिस्मा देऊ म्हणू लागल्या होत्या, याचा त्याला राग होता. पण म्हणून घडलेली गोष्ट खोटी ठरत नाही.)

ती बातमी त्या रविवारी वाचली गेली नाही. गृहस्थ बरेच महिने मास्तरांशी बोलत नव्हते.

पुढचा प्रकार पाहायला मास्तर नव्हते. त्यांना तो फार आवडला असता. नोव्हेंबर २०१७ मध्ये वॉशिंग्टन येथे बायबलचे भव्य संग्रहालय उघडले. त्यामागे हॉबी लॉबी या दुकानांच्या साखळीचे मालक, ग्रीन कुटुंब, श्रद्धावंत ख्रिस्ती. संग्रहालयाचे भूषण म्हणजे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे १६ तुकडे. १९४६-४७ च्या सुमारास कुमरानच्या गुहांत मेंढपाळांना सापडलेल्या या गुंडाळ्या बायबलच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी. खऱ्या गुंडाळ्या बहुतांश यरुशलेमच्या संग्रहालयात आहेत. मात्र २००२ नंतर बाजारात अचानक सुमारे ७० नवे तुकडे फिरू लागले आणि श्रीमंत श्रद्धावंतांनी ते उचलले. घरात बायबलचा दोन हजार वर्षांपूर्वीचा तुकडा असावा, असे कुठल्या भाविकाला वाटणार नाही? ज्याला बनवायचे असते तो गिऱ्हाइकाचे मन आधी वाचतो.

संशय वाढल्यावर संग्रहालयाने स्वतःच पाच तुकडे जर्मनीत तपासायला दिले. २०१८ साली निकाल प्रतिकूल आला. ते खाली उतरवून गप्प बसता आले असते. त्यांनी सगळे १६ तुकडे कोलेट लोल या बनावट कलावस्तूंच्या तपासनीस बाईंच्या हवाली केले. बाईंनी अट घातली, की अहवाल आमचा, त्यात तुम्ही अक्षर बदलायचे नाही, आणि काहीही निघाले तरी तो लोकांपुढे ठेवायचा. अट मान्य झाली. मार्च २०२० मध्ये दोनशेहून अधिक पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सोळाच्या सोळा बनावट! लिहिण्यासाठी कमावलेल्या पातळ चर्मपत्राऐवजी बहुतेक तुकडे साध्या जुन्या चामड्याचे होते, बहुधा रोमन काळातल्या पायताणांचे. चामडे खरोखर प्राचीन. त्याच्या भेगांत उतरून साचलेली शाई मात्र आजची. वरून सरसासारखा लेप देऊन जुनाट चकाकी आणलेली.

याच कुटुंबाच्या कंपनीने त्याआधी, २०१७ साली, इराकमधून बेकायदा आलेल्या हजारो पुराणवस्तू परत करून ३० लाख डॉलर भरले होते, तेव्हा त्यांना संत ठरवण्याचे कारण नाही. पण आपलेच भूषण आपल्याच पैशाने तपासून, खोटे निघाल्यावर दारावर लावण्याइतके धैर्य किती मंदिरांच्या, किती संस्थांच्या विश्वस्तांत असते? आमच्या पेठेतल्या मंडळाला आपल्या मूर्तीचे वय सव्वाशे वर्षे सांगायची सवय आहे. ते विचारायला मी अजून धजलेलो नाही.

मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलीने ती शंभर पानी वही मला आणून दिली. अर्धी पाने त्यांच्या अक्षरातली, अर्धी माझ्या. शेवटच्या पानावर त्यांनी माझ्या व्याख्यानाची तारीख लिहून ठेवली होती. बाकी काही नाही.

यंदा श्रावणात आमच्या इमारतीच्या मोबाईलवरच्या गटात तोच मजकूर आला. हेमिस, पोथी, दडपलेले सत्य, आणि शेवटी 'प्रत्येक भारतीयापर्यंत पोचवा'. सोबत बर्फाच्या डोंगरात ध्यानस्थ बसलेल्या येशूचे चित्र, आजकाल यंत्रे क्षणात काढून देतात तसे. तासाभरात सत्तावीस जणांनी हात जोडले. मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. चाळीस वर्षांपूर्वी टाळ्या घेतलेल्या माणसाने आता काय तोंडाने बोलावे? शेवटी मास्तरांचा प्रश्नच लिहिला, "ती पोथी कुणी पाहिली आहे का?" आणि खाली दातदुखीची हकीगत थोडक्यात दिली.

दोन दिवस गटात शांतता. एकाने मला जिन्यात गाठून सांगितले, "काका, तुम्हाला आपल्या देशाचे काही चांगले बघवत नाही." मी त्याला चहाला बोलावले, तो आला नाही.

तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक मुलगी मात्र आली. श्रीरामपूरकडची, ख्रिस्ती घरातली, इथे एका रुग्णालयात परिचारिका आहे. गटात ती कधीच काही लिहीत नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "काका, मी ते चित्र घरी आईला पाठवले होते. तिला फार आवडले. आता तिला काय सांगू?"

मी तिला आत बसवले आणि वही काढली. लाल शाईतले पान आधी दाखवले. ती रात्रपाळीला निघाली होती, म्हणून वही बरोबर घेऊन गेली. अजून तिच्याकडेच आहे.